व्हय म्हाराजा, कोरडं!

गेल्या वर्षी मी बाप्पावर चक्क रुसले होते. आतड्याचं ऑपरेशन झालं, घरी जायचे वेध लागले आणि सातव्या दिवशी टाक्यांतून हिरवट पाणी येऊ लागलं. पाणी कसलं, आतड्यातलं अन्नच ते! आतडं आतून गळून थेट कातडीपर्यंत वाट पडली होती. परळच्या त्या हॉस्पिटलात माझ्या पोटावर पिशवी चिकटवली. लालबागला मसाल्याचं दुकान चालवणारी बाई मी, पण स्वतःच्याच वासाने मला मळमळायचं. डॉक्टर म्हणाले, "गळती थोडी आहे. अशी वाट पुष्कळदा आपोआप बुजते. भरपूर खा, कातडी जपा. नाहीच बुजली तर काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन." मी तेवढं शेवटचं वाक्यच धरून बसले.

मग मी अतिशहाणपणा केला. खाल्लं की पिशवी भरते, म्हणजे नाही खाल्लं की भोक बुजणार! बाप्पाला नवस बोलले, ‘कोरडं होईपर्यंत उपास.’ अंडं, वरण, सगळं ताट झाकून परत पाठवू लागले. चार दिवसांत उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. पिशवी मात्र रोज भरायचीच. मग मी बाप्पाशी बोलणंच टाकलं.

पाचव्या दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला एक मालवणी मावशी आल्या. माझं झाकलेलं ताट बघून म्हणाल्या, "गे बाय, जेवचा नाय तुका?" मी नवस सांगितला. मावशी भडकल्याच. "नवस तू बोललंस! देवान उपास मागल्यान काय?"

पदर खोचून त्या माझ्या ताटासमोर उभ्या राहिल्या आणि भर वॉर्डात त्यांनी कोकणातल्या देवळात घालतात तसं देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान चुकान नवस केल्यान, तो माफ कर!"

"व्हय म्हाराजा!" कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला.

"पोटात जाईत ता अंगाक लागांदे, आणि ही चुकीची वाट बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अख्खा वॉर्ड ओरडला, सिस्टरसुद्धा. मी रडतरडत ते अंडं खाल्लं.

त्या मावशी पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांचं नावही विचारायचं राहिलं. मी खात राहिले, सिस्टर कातडीला मलम लावत राहिल्या. पिशवी हळूहळू हलकी होत गेली. पाच आठवड्यांनी एका सकाळी सिस्टरनी पिशवी काढली, वाकून पाहिलं आणि त्या ओरडल्या, "ताई, कोरडं!" पुन्हा ऑपरेशन टळलं. मी त्या खाटेवरच बाप्पाचा जयजयकार केला, तोही चांगला बेंबीच्या देठापासून.

डॉक्टर म्हणतात, अन्नाने आणि काळजीने भरलं. अगदी खरं. पण घास तोंडाजवळ आणायला बाप्पाने कोणाला पाठवलं होतं, ते मला ठाऊक आहे. नवसाच्या नावाखाली मी त्याला अटी घालत होते. आता फक्त हात जोडते आणि मिळेल ते प्रसाद म्हणून खाते.

परवा तपासणीला गेले, तेव्हा त्याच वॉर्डात डोकावले. पोटाला पिशवी लावलेली एक मुलगी झाकलेल्या ताटाकडे पाठ करून पडली होती. माझं मालवणी अर्धंकच्चं. तरी पदर खोचला आणि म्हटलं, "बा देवा म्हाराजा..."

आधी ती हसली. मग तिने झाकण काढलं.