जहाजावरची तळी

कॅलेंडर बघून तारीख ठरवायची असेल तर ते कोणत्या सालचं आहे हे आधी बघावं, एवढी अक्कल मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी आली. आमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं टांगलेली आहेत. एक चालू सालचं. दुसरं आबा, म्हणजे माझे वडील, गेले त्या सालचं. त्यावर त्यांच्या हाताने गाईच्या विण्याच्या तारखा आणि पाण्याच्या पाळ्या लिहिलेल्या आहेत, म्हणून ते खिळ्यावरून काढायचं कुणाच्या मनात येत नाही. जुन्या मित्रांचा फोन आला की डिसेंबरच्या सुरुवातीला जहाजाने मुंबई-गोवा फिरून येऊ, तेव्हा मी मोठ्या ऐटीत उठलो, हाताला लागलं ते कॅलेंडर उलटलं. चंपाषष्ठी सहलीच्या चांगली दहा-अकरा दिवस पुढे होती. "घ्या माझं तिकीट," म्हणालो.

चार दिवसांनी बायकोने भाकरी थापता थापता विचारलं, "षष्ठीच्या दिवशी तुमी समुद्रात. मग तळी कोन उचलनार? मांजर?"

पाथर्डीच्या पलीकडे आमचं गाव. खंडोबा आमचं कुलदैवत. आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरात वांगं शिजत नाही. षष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा देवाला नैवेद्य दाखवायचा, मग वांगं तोंडाला लावायचं. दिवेलागणीला तळी. ताटात नागवेलीची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवायचा, पाच पुरुषांनी ते ताट मिळून धरायचं आणि येळकोटाच्या गजरात तीनदा उचलायचं. आमच्या घरात तेव्हा पुरुष दोनच, आबा आणि मी. त्यामुळे आबा दर षष्ठीला माझे तीन वर्गमित्र पकडून आणत. बबन, दिलीप आणि शिवा. तिघांचा देवावर विश्वास असेल-नसेल, भरतावर मात्र पूर्ण होता. आबा आम्हाला घोंगडीभोवती बसवत, ताटाखाली आधी स्वतःचा हात घालत आणि माझा हात त्यावर ठेवत. त्या तळहाताचे घट्टे मला अजून आठवतात. येळकोट म्हणताना त्यांचा आवाज असा चढायचा की दावणीची गाय कान टवकारायची, आणि बबनला हसू आवरायचं नाही. आबा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणत, "हस लेका, देवालाबी हसरी पोरं आवडत्यात."

पुढे आम्ही पांगलो. दिलीप पुण्याला कारखान्यात लागला, शिवा नाशिकला शिक्षक झाला. बबन पाथर्डीतच राहिला, पण त्याचे ट्रक सुरू झाले आणि तो चाकांवरच राहू लागला. तळीला शेजारचे लोक येऊ लागले. आबांनी मात्र कधी चुकवली नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, "तळी मोडू नको." मी हो म्हणालो. पहिलं वर्ष दुखवट्यात गेलं. यंदा माझी पहिली तळी होती, आणि तिच्या तारखेलाच मी जहाजाचं तिकीट काढून बसलो होतो.

तरी हिशेब बसत होता. जहाज षष्ठीच्या सकाळी सातला मुंबईला लागणार, संध्याकाळपर्यंत मी घरी. बायको म्हणाली, "जावा. आबांनी जल्मात समुद्र बघितला न्हाई, तुमी तरी बघा." आणि निघताना तिने पिशवीत भंडाऱ्याची पुडी टाकली. "अगं, मी संध्याकाळी घरीच आहे," मी म्हणालो. "ऱ्हाऊ द्या की. वजन काय हाय त्याचं?"

आम्ही तेच चौघे वर्गमित्र जहाजावर चढलो. जहाजाचं वर्णन मी करत नाही, कारण मी मुख्यतः त्याचं जेवणघर पाहिलं. मांडून ठेवलेले पन्नासेक पदार्थ, आणि प्रत्येक भांड्यापाशी माझा एकच प्रश्न, "भैया, इसमें बैंगन है क्या?" बबन म्हणायचा, "एवढं मोठं जहाज, एवढा मोठा समुद्र, आन् ह्याचं सगळं ध्यान वांग्यात!" वाढणारा आचारी पन्नाशीचा, जाड मिशांचा, अबोल माणूस होता. तिसऱ्या जेवणापासून मी विचारायच्या आधीच तो एकेका भांड्याकडे बोट दाखवून मान हलवू लागला. हे चालेल, हे नाही.

गोव्याहून परत निघालो आणि हवा फिरली. समुद्रात वादळ उठल्याची घोषणा झाली, वरच्या गच्चीची दारं बंद झाली, खुर्च्या बांधून टाकल्या. षष्ठीच्या पहाटे कप्तानाने सांगितलं, बंदरात शिरता येत नाही, वारा उतरेपर्यंत बाहेरच थांबावं लागेल, मुंबईला उद्याच पोचू. मोबाईलला रेंज नव्हती. घरी कळवायचीही सोय नाही. मुलगा चेन्नईला नोकरीला, म्हणजे घरात पुरुष कुणीच नाही. मी पलंगाची कड धरून बसलो. आबांना दिलेला शब्द पहिल्याच तळीला मोडला होता. देवाला म्हणालो, एवढं चौपन्न वर्षांत एकदा माझ्यावर पडलं, तेही मी जुन्या कॅलेंडरावर घालवलं. राग देवावर नव्हता. देव आहे का, असेल तर तो अशा गबाळ्या माणसाकडे बघतो का, ही शंका मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मनात आली.

दुपारी जेवणघरात चौघे बसलो होतो. जेवायची कुणाची हिंमत नव्हती. बबन एकदम म्हणाला, "आरं, मग हितंच भरू की तळी. तीच पोरं हायत, भंडारा हाय."

शिवाने बोटं मोजली. "चारच हायत."

पाचवी जागा कुणाची ते चौघांनाही ठाऊक होतं. बबनसुद्धा खिडकीबाहेर बघत राहिला.

तेवढ्यात तो आचारी लिंबाच्या फोडी घेऊन आला, मळमळीवर म्हणून. फोडी माझ्यापुढे ठेवल्या आणि मोडक्या हिंदीत हळूच म्हणाला, "बैंगन नहीं खाते. आप मैलार के लोग?"

मी त्याच्या छातीवरची पट्टी बघितली. तीन दिवस तो माझ्यासमोर उभा होता आणि मी नाव वाचलं नव्हतं. दिलीपने मोठ्याने वाचलं, "मैलारप्पा." कर्नाटकात खंडोबाला मैलार म्हणतात, हे आबा सांगायचे. तरुणपणी ते बैल घ्यायला बिदरकडे गेले होते, तिथे मैलाराच्या देवळात त्यांनी भंडारा उधळला होता. हा माणूस तिकडचाच निघाला. आज षष्ठी आहे हे त्याला माहीत होतं. म्हणाला, अठरा वर्षं जहाजावर आहे, एकही षष्ठी घरी मिळाली नाही.

पुढचं सगळं त्याने केलं. मुख्य आचाऱ्याकडून पंधरा मिनिटांची परवानगी काढली, अट एकच, जाळ करायचा नाही. संध्याकाळी जेवणघराच्या कोपऱ्यात घोंगडीच्या जागी जहाजाचा निळा टॉवेल अंथरला. स्टीलचं ताट, खोबऱ्याची वाटी, पानवाल्याच्या टेबलावरची विड्याची पानं आणि सुपारी. रात्रीच्या जेवणात भरीत होतंच, त्यातली पहिली वाटी त्याने वेगळी काढून आणली. रोडग्याच्या जागी पाव. बबन म्हणाला, "देवा, आज पाव गोड मानून घे," आणि दिवटी म्हणून मोबाईलचा दिवा लावून टेबलावर ठेवला.

जहाज हलत होतं, ताट घसरत होतं. मैलारप्पाने आधी ताटाखाली आपला हात घातला आणि माझा हात मनगटाला धरून त्यावर ठेवला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो तळहात कढया धरून धरून कठीण झालेला होता. मी डोळे मिटले. येळकोट म्हणायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. तो त्याने काढला, त्याच्या भाषेच्या सुरात, असा चढता, की पलीकडे ताटल्या पुसणारी माणसं थांबली. तीनदा ताट उचललं. डोळे उघडले तर बबन हसत होता, लहानपणीसारखाच, फक्त गालांवरून पाणी वाहत होतं.

वारा पहाटे उतरला. निघताना मैलारप्पाला उरलेला भंडारा दिला, तो त्याने टोपीत ठेवला. मला या सगळ्याची फोड करायची नाही. आचाऱ्याला सुट्टी नव्हती, आम्हाला बंदर नव्हतं, एवढं खरं. आजवर मला वाटायचं, तळी आपण उचलतो, आपण चुकवतो, आपण मोडतो. त्या दिवशी माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि माझ्या हाताखाली हात होता. आपण फक्त हात पुढे करायचा, ते मी लहानपणी न सांगता करत होतो. मधल्या चाळीस वर्षांत विसरलो होतो.

रेंज आल्यावर घरी फोन केला, "सुखरूप आहे" एवढंच बोललो. तळीचं विचारायचा धीर झाला नाही. रात्री घरी पोचलो, हातपाय धुतले आणि सगळी कथा बायकोला सांगितली, मैलारप्पाच्या आवाजासकट, जरा मीठमसाला लावूनच. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी घाबरत विचारलं, "इथं काय केलंत?"

"काय करनार? इथंबी पाऊस, लाइट गेलेली, चार बापे घरातनं बाहेर पडंनात. शेजारच्या चौघी आल्या. आमी पाच बायांनी उचलली."

"बायांनी?"

"मग? वांगी भाजून झाली हुती. देव काय तुमची वाट बघत उपाशी ऱ्हातो व्हय?" तिने माझ्यापुढे भरताची वाटी सरकवली. मग पाठ फिरवून चुलीकडे बघत म्हणाली, "लाइट जायच्या आधी टीव्हीवर जहाजांचं दावत हुते. तळी उचलताना म्या एवढंच म्हनलं, आबा, तळी झाली, आता मानूस घरी लावून द्या."

मी खिळ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "ते जुनं कॅलेंडर उद्या काढतो."

"काढू नका," ती म्हणाली. "आबांचं हाय, ऱ्हाऊ द्या. फकस्त तारीख मला इचारत जावा."