दळणावर चालणारा बाजा

परभणीला उतरलो तेव्हा फलाट तव्यासारखा तापला होता आणि मी आधीच चिडलेला होतो. आमच्या संपादकांनी मला एका नव्या नाचाच्या संगीताचा उगम शोधायला पाठवलं होतं. लोक नद्यांच्या उगमाला जातात, मला ‘गिरणीबाजा’च्या उगमाला जायचं होतं. त्यात ढोल नाही, पेटी नाही, सगळं विजेवर चालतं आणि ऐकलं की पाय थांबत नाहीत, एवढीच माहिती हाताशी होती. मी पेटी शिकलेला माणूस. यंत्रातून निघणाऱ्या आवाजाला संगीत म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

बसस्थानकाच्या भिंतींवर विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे आणि होऊ देणार नाही अशा दोन्ही घोषणा एकमेकींवर इतक्या वेळा रंगवल्या होत्या की आता त्यातलं काहीच वाचता येत नव्हतं. गंगाखेडची एसटी मिळाली, तिथून राणीसावरगावची. खिडकीबाहेर काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या, बांधावर बाभळी, आणि पुढं बालाघाटाच्या बोडक्या टेकड्या. कंडक्टरला मी गिरणीबाजा कुठं ऐकायला मिळेल म्हणून विचारलं. त्यानं तिकीट फाडता फाडता मला न्याहाळलं.

“दळायला चाललाव का नाचायला?”

ऐकायला, म्हणालो. तो म्हणाला, तशी सोय तिथं न्हाई.

राणीसावरगावच्या पुढं एका फाट्यावर त्यानं मला उतरवलं. गाव दिसायच्या आधी गिरणी ऐकू आली. डिझेलच्या इंजिनाच्या धुराड्यावर एक डबडं उलटं बसवलेलं असतं. गिरणी सुरू आहे हे शिवारभर कळावं म्हणून ते पुक् पुक् वाजत राहतं. इथं मात्र त्या पुक्-पुकच्या पोटात आणखी एक आवाज होता, जाड, घुमणारा, खालीवर होणारा. पायवाटेनं चालताना माझी चप्पल त्याच्या ठेक्यात पडायला लागली. मी मुद्दाम पावलांची लय मोडली, पुन्हा तेच झालं. मला स्वतःचाच राग आला.

गिरणीचे मालक खाजामियाँ डोक्यापासून पायापर्यंत पिठाचे. त्यांच्याच भिंतीला लागून गौतमचं रेडिओ दुरुस्तीचं खोपटं. गौतम तिशीचा, केसांना भरपूर तेल, आणि मी त्याच्या दर्शनालाच आलोय अशा थाटात त्यानं माझं स्वागत केलं. गावात वीज नावालाच, म्हणून तो इंजिनाला जोडलेल्या डायनामोवर रेडिओ तपासायचा. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला करंट हलायचा आणि रेडिओ त्याच तालात हुंकार द्यायचा. दळणाला आलेल्या बायका रिकामे डबे बडवू लागल्या, तेव्हा गौतमनं रेडिओंचे सुटे भाग आणि दारावरच्या घंटेची बटणं जोडून एक पेटी बनवली. बटण दाबलं की सूर निघतो, ताल इंजिन देतं.

“सूर वरखाली कसा करता?” मी विचारलं.

“मी कुठं करायलोय? जवारी करायलीय की,” गौतम म्हणाला.

ज्वारी पडली की जात्यावर भार येतो, करंट बसतो, सूर खाली घसरतो. दाणे संपत आले की सूर चढतो आणि ठेका पळतो. बाजरीचा बाजा वेगळा, हरभऱ्याची डाळ टाकली तर नाचणाऱ्यांचे गुडघे वाकतात म्हणे. मी हसायला गेलो, तर खाजामियाँनी गंभीरपणे मूठभर डाळ टाकून दाखवली. माझे गुडघे वाकले.

रात्रीचं जेवण गौतमच्या घरी, बौद्ध वस्तीत झालं. भाकरी आणि येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसाल्याचं पीठ). आमटी इतकी चविष्ट होती की माझी चीड निम्म्यावर आली. गौतमचे वडील दगडूबाबा माझ्याशी चार शब्द बोलले, मुलाशी एकही नाही. त्यांच्या बापजाद्यांना गावातल्या लग्नांत नवरदेवाच्या पुढं हलगी वाजवत चालावं लागे आणि जेवण लांब बसून मिळे. धर्मांतर झालं त्या वर्षी दगडूबाबांनी ती कातड्याची हलगी चुलीत घातली होती. मुलाचा बाजा वस्तीतल्या जयंतीला वाजला तोवर त्यांची हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात पाटलांच्या घरचं लग्न होतं आणि गौतमनं सुपारी घेतली होती.

त्यानं अटी घातल्या होत्या. निमंत्रणाच्या अक्षता घरी आल्या पाहिजेत, तो ट्रॉलीत खुर्चीवर बसून वाजवणार, खाली उतरणार नाही, आणि जेवण सगळ्यांच्या पंगतीत. अक्षता आल्याही होत्या. तरी म्हातारा जेवण संपवून हात धुताना एवढंच म्हणाला, “कातडं असू दे का तार. त्यांच्या म्होरं वाजवत चाललास, तर ह्या घरी परत येऊ नको.”

गौतमनं मान खाली घातली. मला त्याची एकदम काळजी वाटायला लागली.

सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत इंजिन चढलं, गिरणी चढली, कर्णे चढले, खुर्ची चढली. रिकामी गिरणी फिरवली तर दगडाला दगड घासतो आणि घरची बरकत जाते, असा खाजामियाँचा पक्का विश्वास. म्हणून मिरवणूकभर पुरेल एवढी ज्वारीची पोती वरपक्षानं दिली होती. गावातली गिरणीच निघाली म्हटल्यावर ज्यांच्या घरचं पीठ संपलं होतं ते आपापले डबे डोक्यावर घेऊन मागं चालू लागले. नंबर लावून.

मारुतीच्या देवळापासून मांडवाकडे वरात निघाली. पोरं बेभान नाचत होती, वरून पीठ उडत होतं, काळी डोकी पांढरी होत होती. तेवढ्यात नवरदेवाच्या मामानं मान वर केली. गौतमची खुर्ची घोड्यावरच्या नवरदेवाच्या फेट्याहून उंच होती.

मामानं ट्रॅक्टर अडवला. वाजवणाऱ्यानं खाली उतरावं आणि चालत वाजवावं, नाहीतर वरात पुढं जाणार नाही. गौतम उठला नाही. त्याची बोटं बटणांवर होती, पण चेहरा पिठाहून पांढरा पडला होता. मामा ओरडत होता, इकडे दाणे संपत आले होते, ठेका पळायला लागला आणि मामाचं ओरडणंही त्या ठेक्यात पडू लागलं. खाजामियाँ रिकाम्या गिरणीच्या धास्तीनं गयावया करत होते, “खाली चक्की नै चलाते, मामू.”

शेवटी मामानंच तोड काढली. नवरदेवाला घोड्यावरून उतरवून ट्रॉलीतल्या पोत्यांच्या ढिगावर बसवलं. आता फेटा सगळ्यांहून उंच. मामा समाधानानं मिशीला हात लावून पुढं निघाला. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. गिरणीला लागणारी ज्वारी त्याच पोत्यांत होती.

एक पोतं गेलं. नवरदेव थोडा खाली आला. दुसरं गेलं. मामा मागं वळून बघायचा आणि दर वेळी भाचा आखूड झालेला दिसायचा. मांडव दिसू लागला तेव्हा नवरदेव गौतमच्या खुर्चीशेजारी, ट्रॉलीच्या फळ्यांवर, मांडी घालून बसला होता. आणि मघाच्या अडवणुकीत जास्तीची ज्वारी दळली गेल्यामुळं दाणे मांडवाआधीच संपले. गिरणी रिकामी फिरणार, इंजिन बंद करावं लागणार, नाचणारी पोरं मामावर धावून जाणार, असं सगळं एकदमच दिसू लागलं.

मागच्या रांगेतले डबेही वाटेत मधूनमधून दळून झाले होते, एकच उरला होता, शेवटचा. तो दगडूबाबांच्या डोक्यावर होता. घरचं पीठ संपलं म्हणून सुनेनं पाठवलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मामा त्यांच्यापाशी गेला.

“बाबा, तुमचं दळण टाकता का?” मामानं विचारलं.

“माझा नंबर आलाच हाय,” म्हातारा म्हणाला.

नवरदेवानं हात देऊन त्यांना वर घेतलं. दगडूबाबांनी ज्वारी ओतली. सूर खाली बसला, जड आणि भरदार. म्हाताऱ्यानं कर्ण्याला हात लावून पाहिला, पेटीवरून बोटं फिरवली, खालून वाकून बघितलं. मग मुलाकडं वळले.

“ह्यात कातडं न्हाई,” ते म्हणाले. “वाजीव. पर उठू नको.”

गौतमनं वाजवलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. मीही नाचलो. कसा नाचलो ते पाहणारे सांगतील.

पंगतीत बापलेक माझ्या शेजारी बसले. मामानं स्वतः बुंदी वाढली. वाढताना तो कोणाकडं बघत नव्हता, पण वाढत होता.

परतीच्या गाडीत लेखाची जुळवाजुळव करत होतो. संपादकांना या संगीताचा उगम हवा होता, कुठल्या यंत्रातून, कुठल्या तालातून. ते सगळं मी लिहिलंही. पण डोळ्यांपुढं राहिली ती लग्नानंतरची संध्याकाळ. दगडूबाबा पिठाचा डबा डोक्यावर घेऊन गावाच्या वाटेला लागले, मागून बाजाची पेटी घेतलेला गौतम. वस्तीच्या तोंडाशी म्हातारा थांबला, लेक बरोबरीला येईपर्यंत उभा राहिला, आणि मग दोघं घरी गेले.