तव्यावरचे सहा प्लग

“आगो बकुले, तवा उतरू नको गो! माजं प्लग आजून गरम व्हाचं हान.”

“तवा माजा हाय, तुमचे शेटचा नाय! भाकऱ्या कनाव टाकू, तुमचे टकल्याव?”

शहाऐंशी सालच्या दसऱ्याची सकाळ. मांजर्लीच्या जनू म्हात्र्याच्या चुलीवर भाकरीच्या जागी इंजिनाचे सहा स्पार्क प्लग शेकत होते. सुके बोंबील भाजावेत तसे जनू ते चिमट्याने उलटेपालटे करी.

जनू झमटमल शेटची टोचनची गाडी चालवी. बंद पडलेले ट्रक ओढून उल्हासनगरला, कॅम्प चारच्या गॅरेजात न्यायचे, हा धंदा. गाडी मिलिटरीच्या लिलावातली, इंजिन पेट्रोलचं, म्हशीएवढं. ओढायला रेडा, पण प्यायला वरातीतला व्याही. शेट कंटाळला. कर्जतच्या एका भातगिरणीतलं डिझेल इंजिन त्याने ठरवलं. जुनं भंगारात जाणार. तेव्हापासून जनूला घास गिळेना.

“पेट्रोलचा इंजन बोलतं रं,” तो गावभर सांगे, “डिझेलचा निस्ता खाकरतं.”

म्हणून यंदा पूजा जोरात. लोक बॉनेटला हळदकुंकू लावतात न्‌ सुटतात. जनूला वाटलं, राबतो त्यालाच नारळाचं पाणी घालावं. त्याने बॉनेट उघडलं, थेट इंजिनावर नारळ फोडला आणि पाणी वरून सोडलं. प्लग नसलेल्या डिझेलला ते पचलं असतं. इथे प्लग भिजले, ठिणगी मेली, गाडी नुसती कण्हायला लागली.

तेवढ्यात शेट धापा टाकत दारात. “जनू, जल्दी चल! तेरे को दिखाने नया इंजन ला रहा था, ट्रक नदी के पास कीचड़ में बैठ गया!” मग त्याची नजर चुलीवर गेली. “वडी साईं, ये क्या सेंक रहा है?”

“परसाद हाय शेट,” जनूची बायको बकुळा म्हणाली. “खावा, कुरकुरीत झालाय.”

जनूने गरम प्लग फडक्यात गुंडाळले, बकुळाच्या नव्या लुगड्याच्या पदराला वायरी पुसल्या, शिव्या खाल्ल्या आणि सगळं परत बसवलं. दोनदा ठसका लागला, तिसऱ्यांदा इंजिन डरकाळलं.

नदीकाठी ट्रक चाकांच्या आसापर्यंत रुतलेला. वर ताडपत्रीखाली डिझेल इंजिन, नव्या नवरीसारखं झाकलेलं. हुक अडकवताना जनूचा हात थांबला. ओढलं, तर सवत घरात येणार. नाही ओढलं, तर शेट म्हणणार, जुनं मेलं. “आयला, दोनीकरून मीच मरतंय,” तो पुटपुटला आणि पहिला गियर टाकला.

साखळी ताणली, इंजिन घुमलं, मागची चाकं चिखल उडवीत राहिली. निम्मा चिखल शेटच्या पांढऱ्या सफारीवर. मग ट्रक पचकन सुटला आणि एका दमात रस्त्यावर आला.

शेटने तोंड पुसलं, दोन्ही इंजिनांकडे बघितलं. “ये नया वाला मेरे दूसरे ट्रक में, लेलँड में डाल,” तो म्हणाला. “तेरा बुढ्ढा रहने दे. मगर पेट्रोल कम पिला, साईं.”

“पिनार नाय तं वढंल कसा?” जनू म्हणाला, आणि हसू आवरायला खाली वाकून साखळी तपासू लागला.

ट्रकची क्लच प्लेट ओढाताणीत जळाली होती. म्हणजे कॅम्प चारपर्यंत टोचन आलंच. जनूने साखळी आखडून घेतली, मिशेरी थुंकली, आणि शेटला हाक दिली, “बसा वर! चिखल सीटला लावू नका.”

गाडी अंबरनाथच्या रस्त्याला लागली.