डब केलेल्या हडळीचा आवाज

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कोणी मला अंधश्रद्धाळू म्हणायला नको. मी बुलढाण्यात एका शाळेत विज्ञान शिकवते. उतारा, करणी, अंगात येणं — यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही... नव्हता, म्हणा हवं तर. पण भुताचे सिनेमे? ते मला जीव की प्राण. त्यातही थिएटरातले नाहीत — टीव्हीसाठी काढलेले जुने, तास-दीड तासाचे, पैशांच्या चणचणीत उरकलेले.

या ग्रुपवर नवी मंडळी नेहमी विचारतात, त्यात बघण्यासारखं असतं तरी काय? अहो, त्या लोकांकडे भूत दाखवायची ऐपतच नव्हती. म्हणून ते हलणारा कंदील दाखवायचे, बंद दार दाखवायचे आणि त्या दाराकडे बघणारा एक माणूस दाखवायचे. घाबरायचं काम आपल्याकडे. त्यात पडद्यावर मुंग्या, आवाजात खरखर, कोणीतरी गच्चीवर अँटेना फिरवतोय, "आलं का?" म्हणून ओरडतोय... आणि नेमकी हडळ यायच्या वेळेला चित्र गायब! ती न दिसलेली हडळ मग आठवडाभर मोरीत जाऊ द्यायची नाही. आणि दुसरं म्हणजे, थिएटरातली भुतं नटीसारखी दिसायची, टीव्हीवरची शेजारणीसारखी. आमच्या घरात तर ती माझी आत्याच होती.

शकूआत्या, माझ्या बाबांची धाकटी बहीण. धामणगाव बढ्याला राहते, भाजीचा मळा बघते. ती विशीतही नव्हती तेव्हा गावाबाहेरच्या विहिरीवर मुंबईची मंडळी टेलिफिल्म काढायला आली होती. गोष्ट साधीच — जमीनदार एका बाईला विहिरीत ढकलतो, ती हडळ होऊन वर येते. पण आणलेली नटी विहिरीत उतरायला तयार होईना. मंडळींची सोय गावातले मराठीचे शिक्षक, भास्कर सर, बघत होते. ते म्हणाले, आमच्याकडे एक मुलगी आहे, केस गुडघ्यापर्यंत, विहिरीत मासोळीसारखी पोहते. झालं, आत्या हडळ झाली.

हडळीला एकच वाक्य होतं, तीनदा म्हणायचं — "का ढकललंस मला?" आत्या ओल्या केसांनी वर आली, जमीनदाराकडे बघितलं आणि म्हणाली, "काऊन ढकललं बे मले?"

सगळं युनिट खो खो हसलं. दिग्दर्शकाला म्हणे ते आवडलं होतं, राहू दे म्हणत होता. पण भास्कर सरांना ते पटेना. अख्खा महाराष्ट्र हसेल, भूत गावंढळ वाटून कसं चालेल, वगैरे वगैरे. हे तेच सर, जे वर्गात "मले" म्हणणाऱ्या पोराला अंगठे धरून उभं करायचे. माझ्या बाबांनीही धरलेत. शेवटी मुंबईच्या कुठल्यातरी बाईने ते वाक्य डब केलं. टीव्हीवर आत्या तोंड उघडायची आणि आतून भलतीच, नाकात बोलणारी, सुसंस्कृत हडळ बाहेर पडायची!

इथवर गंमत. पुढचं मात्र मला अजूनही शांतपणे सांगता येत नाही.

आत्याचं वरवट बकालच्या एका मुलाशी साक्षगंध झालं होतं. कपडे घेऊन झाले होते. तिकडून अचानक निरोप आला, सोयरीक मोडली. कारण काय, तर धामणगावहून कोणीतरी येऊन सांगून गेलं की तुमची होणारी सून शूटिंगवाल्यांबरोबर रात्री ते उतरलेल्या बंगल्यावर मुक्कामाला असायची. साफ खोटं! माझे आजोबा शूटिंगभर विहिरीच्या काठावर बसून असायचे आणि संध्याकाळी तिला घेऊनच घरी यायचे. पण वरवटच्या लोकांनी सांगणाऱ्याचं नावही सांगितलं नाही आणि आमचं काही ऐकूनही घेतलं नाही.

आत्या पहिल्या दिवसापासून सांगत होती — भास्कर सर गेले होते. त्यांनी तिला मळ्याच्या वाटेवर गाठून लग्नाचं विचारलं होतं आणि तिने तोंडावर नाही म्हटलं होतं. पण ऐकतो कोण? बाबासुद्धा म्हणाले, "सर असं करतील का? पुरावा काय?" पुढे तिला स्थळंच आली नाहीत. रस्त्याने जाताना पोरं "ए विहिरीवाली" म्हणायची. सर मात्र मुख्याध्यापक झाले, मोठे झाले, बुलढाण्यात घर बांधून राहिले.

आत्याला त्यानंतर एकच गोष्ट हवी होती, आणि ती आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती. "मले काई नको. त्यानं एकदा लोकाईसमोर आपल्या तोंडानं सांगाव, का मीच गेलतो." एवढंच. मी लहानपणापासून हे ऐकत आले. त्या माणसाचा मला इतका राग होता की ते समोरून आले की मी रस्ता बदलायची. नमस्कार करावा लागू नये म्हणून!

मध्यंतरी बुलढाण्यात एक जुनी व्हिडिओ लायब्ररी बंद झाली. लग्नाच्या कॅसेटींच्या ढिगात मला ती टेलिफिल्म सापडली. मी ती संगणकावर उतरवून घेतली आणि इतक्या वेळा बघितली की आत्याचे ओठ आणि त्या बाईचा आवाज कुठे कुठे जुळत नाहीत हे मला तोंडपाठ झालं. इथे ग्रुपवर तुकडा टाकला होता, काहींना आठवत असेल. तो सरांच्या मुलाने बघितला आणि मला फोन केला. सरांचा सत्कार आहे, त्यात ही फिल्म दाखवू या, सरांच्या पुढाकारानेच तर झाली होती.

मी तोंडावर नाही म्हणणार होते. आत्या म्हणाली, "दे त्याले. मले बी तिथं याचं हाय."

"कशाला? तुला तिथे काय मिळणार आहे?"

"कायले म्हंजे? थ्यो बसून राह्यला असन ना तिथं? मंग मी बी बसन."

कार्यक्रम दुपारचा होता. बुलढाण्यातलं एक छोटं सभागृह, खिडक्यांना जाड पडदे लावून केलेला अंधार, मागे बासुंदीचा वास. पहिल्या रांगेत मधोमध सर, खांद्यावर शाल. त्यांच्या मागच्या रांगेत आत्या आणि बाबा. मी बाजूला लॅपटॉपपाशी, कारण फाइल माझी, पेन ड्राइव्ह माझा, आणि दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नव्हते.

सरांनी आधी भाषण केलं. भाषा तीच, प्रत्येक 'ण' तोलून मापून. बोलता बोलता म्हणाले, "आणि ही पाहा आपली हडळ! शकुंतला, उभी राहा जरा, लोकांना दिसू दे." लोक हसले. "हिला बोलू दिलं असतं तर भुताऐवजी विनोदी चित्रपट झाला असता. म्हणून आवाज मात्र आम्ही उसना आणला." आणखी हसले.

आत्या उभी राहिली, हात जोडले, बसली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. वाटलं, प्रोजेक्टर उचलावा आणि... जाऊ दे. मी फिल्म सुरू केली.

सगळं नेहमीसारखं चाललं होतं. कंदील, दार, जमीनदार. मग विहीर आली. पाण्यातून आत्याचे केस वर आले, मग चेहरा. ती काठावर चढली. जमीनदाराकडे बघितलं. आता ती नाकातली बाई बोलणार म्हणून मी दात आवळून बसले होते.

थोडी खरखर झाली. आणि —

"काऊन सांगतलं बे वरवटले?"

मला आधी वाटलं, मागून कोणीतरी बोललं. पण आवाज स्पीकरमधून आला होता. कोवळा, जरासा घोगरा, रागाने फाटलेला. आणि ओठ... ओठ जुळत होते! कधीच न जुळलेले ते ओठ अक्षरनअक्षर जुळत होते. या वेळी कोणी हसलं नाही. बाबांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाले, "शके!" त्यांनी तो आवाज ओळखला होता, लहानपणापासून घरात ऐकलेला. मी आत्याकडे बघितलं. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तिचं तोंड बंद होतं, मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीवर.

पडद्यावरची आत्या एक पाऊल पुढे आली. खरं तर फिल्ममध्ये ती जमीनदाराकडे बघते. त्या दिवशी ती कुठे बघत होती हे मी सांगणार नाही, कारण ते मला नक्की सांगता येत नाही.

"कोन गेलतं बे वरवटले?"

सर उभे राहिले. शाल खाली पडली. मुलगा "बाबा, बसा" म्हणून हात ओढतोय, पण ते पडद्याकडेच बघत होते.

मी लॅपटॉप बंद करू शकले असते. बोट बटणापासून वीतभर लांब होतं. नाही केला. घाबरले होते का? हो. पण त्याहून जास्त मला हवं होतं की हे पुढे व्हावं.

"सांग ना बे. लोकाईले आयकू दे."

आणि आयुष्यभर ज्यांच्या तोंडून एक 'मले' बाहेर पडला नाही, ते भास्कर सर हात जोडून म्हणाले, "मी गेलतो. मीच सांगतलं. तू मले नाई म्हनली, म्हून सांगतलं. बंगल्याची गोष्ट मीच बनवली."

एवढं बोलून ते खाली बसले. पडद्यावर जमीनदार मागे सरकत सरकत विहिरीत पडला, दरवेळी पडतो तसा. कोणीतरी दिवे लावले. सांगायला लाज वाटत नाही — मला आनंद झाला. पोटातून आनंद झाला.

त्यानंतरचा गोंधळ तुम्ही समजू शकता. बासुंदी तशीच राहिली. सरांचा मुलगा माझ्या अंगावर आला, तुम्ही फाइलमध्ये छेडछाड केलीत म्हणून. मी तिथेच, सगळ्यांसमोर, फाइल पुन्हा लावली. स्पीकरमधून ती मुंबईची बाई नाकात बोलली, "का ढकललंस मला?" घरी जाऊन मूळ कॅसेट लावली. तीच बाई.

पुढचं ऐका. सरांच्याच पाहुण्यांनी मोबाइलवर कार्यक्रम शूट केला होता. एकाने नाही, अनेकांनी. त्या सगळ्या व्हिडिओंमध्ये मुंबईची बाई "का ढकललंस मला?" विचारते आणि सर उठून म्हणतात, "मी गेलतो." आत्याचा आवाज एकातही नाही. पण ज्यांनी शूट केलं तेच शपथेवर सांगतात की आम्ही वरवटचं ऐकलं. ज्यांना वरवटच्या सोयरिकीची कधी कुणकुणही नव्हती, तेही तीच तीन वाक्यं सांगतात, त्याच क्रमाने.

माझ्या शाळेतले सहकारी म्हणतात, हल्ली कॉम्प्युटरवर कोणाचाही आवाज बनवता येतो. बनवता येत असेल हो! पण मग तो फाइलमध्ये सापडायला नको? मोबाइलमध्ये उमटायला नको? आणि बनवायचा कशावरून? आत्याचा त्या वयातला आवाज कुठेही टेप झालेला नाही. एकदाच झाला होता, तो हसून फेकून दिला. कोणी म्हणतं, सरांच्याच मनाने त्यांना खाल्लं. असेल. पण मग मी काय ऐकलं? बाबांनी काय ऐकलं? मी हे केलं असतं ना, तर छातीठोकपणे सांगितलं असतं आणि वर मिरवलं असतं. मी विज्ञान शिकवते, माझ्याकडे याचं उत्तर नाही. शोधून थकले.

आता गावात सगळ्यांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आहे. वरवटलाही पोचला. बाबा आत्यासमोर बसून रडले. ती म्हणाली, "आता रडून कायले राह्यला? तवा उभं राह्याचं होतं ना माह्यासंगं." आणि उठून मळ्यात निघून गेली.

सर घराबाहेर पडत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा धामणगावला आला होता. मी तिथेच होते. सरांचं वय झालंय, त्यांना भ्रम झाला होता असं तुम्ही लोकांना सांगा, हवं तर ते येऊन माफी मागतील, असं म्हणत होता. आत्या मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "माफी मांगू नको म्हना त्याले. मी देनार नाई." तो आला तसा परत गेला.

तो गेल्यावर तिने मोबाइल पुढे केला आणि व्हिडिओ लावायला सांगितला. ती रोज बघते. मी लावला. मुंबईची बाई बोलली, सर उठले, बोलले, बसले. तिने पुन्हा लावायला लावला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, यात तुझा आवाज कुठे आहे? तुझा प्रश्नच नाही यात. नुसतं त्यांचं उत्तर आहे."

तिने जुडीची गाठ दातांनी आवळली.

"सवाल मले पाठ हाय वं," ती म्हणाली. "जवाब आयकाचा राह्यला व्हता. लाव पुन्ना."