इसहाकाच्या विहिरीपाशी तुम्ही कोण?

शांतवन केनियात धर्मशास्त्र शिकला. तिथले गुराखी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आपल्या जगण्याशी ताडून वाचत. गोष्ट संपली की प्रत्येकाने सांगायचं, मी यात कोण.

धारूरजवळच्या गावात तो चर्चचा पाळक म्हणून आला, तेव्हा दुष्काळ होता. महिन्याभराने त्याने उपासनेत इसहाकाची गोष्ट वाचली. इसहाकाने विहिरी खणल्या आणि पाणी आमचं म्हणत शेजारी भांडायला आले.

"आता सांगा, यात तुम्ही कोण?"

"इसहाक! दुसरं कोण?" पाणी सोसायटीचे चेअरमन आश्रुबा म्हणाले. मंडळीने माना डोलावल्या. चर्चच्या विहिरीला याच सोसायटीने कुलूप घातलं होतं; पाणी फक्त आपल्या माणसांना. बौद्धवाड्यातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परतत होत्या.

"मग विहिरीचं कुलूप कुणाचं, आश्रुबाकाका?"

"पाळकसाहेब, तुमची आफ्रिका तिकडंच ठिवा."

"लई शिकून आलाय की!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

शांतवन म्हणाला, "तिकडं एक म्हातारा उठून म्हणाला होता, पाणी अडवणारा मीच. त्याला कुणी हसलं नाही."

आश्रुबा उठले. मागोमाग सगळे उठले. दुपारीच मंडळीचा निरोप आला. पुढच्या रविवारी दुसरा पाळक येईल, आणि शांतवनच्या घराचं पाणी आजपासून बंद.

संध्याकाळी तो घागर घेऊन बौद्धवाड्याच्या टँकरपाशी गेला. रांगेतल्या मनकर्णाबाईंनी वाट अडवली.

"आता आलात व्हय? महिनाभर त्याच कुलपातलं पाणी तुमीबी प्यालात की."

त्याने प्रश्न सगळ्यांना विचारला होता. स्वतःला विचारायचा राहिला होता. तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.