मोराचं दप्तर

मुलीची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा बायको बंगळुरूला गेली. नात शाळेत जायला लागली की परत यायचं, असं आमचं ठरलं होतं. माझी नोकरी सोलापुरात, ती संपायला अजून अवकाश आहे. तीन वर्षं निघतील असा माझा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. यंदा जूनमध्ये नातीचं नाव प्ले स्कूलमध्ये घातलं. पण ती फाटकापर्यंत जायची, आजीच्या साडीत तोंड खुपसून रडायची आणि घरी परत यायची. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, असं चाललं तर आईला पाठवू कशी?"

त्यामुळे नातीचं रडणं थांबणं ही माझ्या दृष्टीनं नुसती कौतुकाची बाब नव्हती. एकट्याचा भात कुकरला नीट होत नाही, म्हणून मी दोघांचा लावतो आणि उरलेला संध्याकाळी खातो. बायको यायला हवी होती.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी नातीलाच विचारलं, "शाळेत का जात नाहीस गं?"

"बॅग नाही."

"लाल बॅग आहे की."

"ती नको. मोल पाहिजे. पाठीवर बसतो तो मोल."

"मोर होय?" असं मी विचारेपर्यंत ती पळाली होती. तिला र म्हणता येत नव्हता. आमरसाला आमलस म्हणायची. तेव्हा मोल म्हणजे मोर, यात मला शंका वाटली नाही.

पाठीवर बसणारा मोर दुकानात मिळेना. आपणच शिवावा असं ठरवलं. कापडाचा प्रश्न नव्हता. आमच्याकडं कुठल्याही कार्यात टॉवेल-टोपीचा आहेर होतो, त्यामुळे कपाटात घडी न मोडलेले टर्किश टॉवेल पडून असतात. त्यातला एक गडद निळा काढला.

मापासाठी बायकोला फोन केला. मुलीच्या घरी टेप नाही. बायकोनं नातीच्या पाठीला हात लावला आणि म्हणाली, "एक वीत आणि चार बोटं. कशाला हो?"

"बॅग शिवतोय. प्राणी कुठला ते आमच्या दोघांचं गुपित आहे."

"बरं बाई, ठेवा गुपित. बोट नका शिवून घेऊ म्हंजे झालं."

तिची वीत साडेसात इंचांची आहे. ती पडदे वितीनं मोजायची आणि मला पटत नाही म्हणून मी मागून टेप लावायचो. फरक कधी निघाला नाही. चार बोटांचे पावणेतीन इंच धरले, सव्वादहा इंचांचा मोर आखला आणि सगळीकडून अर्धा इंच माया ठेवली. शिवणीबाहेरच्या जादा कापडाला माया म्हणतात.

मशीन बायकोचं. मी आजवर त्याला फक्त तेल घालत आलो. टर्किशचे दोन पदर आणि अस्तर एकदम सुईखाली सरकेनात, पहिली सुई मोडली. मग जाड सुई आणली. पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर निळे तंतू नाकातोंडात जात. पोटाला चेन लावली, मानेत कापूस भरला, हिरव्या कापडाचा पिसारा टाचला. मान एका बाजूला कलली ती कललीच. पूर्वी बायको आतल्या खोलीत शिवायची तेव्हा मी बाहेर पेपर वाचायचो. मशीनचा आवाज येत असला की घरात कुणीतरी आहे हे वेगळं पाहावं लागायचं नाही. आता आवाज मीच करत होतो. पाय थांबला की घरही थांबायचं.

कुरिअर करून आलो तर शेजारच्या वहिनी दारात उभ्या. त्यांच्या घरी कानडी बोलतात.

"भाऊजी, दारात एवढे निळे तंतू कसले? अक्का आल्या की काय?"

"नाही हो. नातीला मोराचं दप्तर शिवलं. मोल पाहिजे, मोल पाहिजे म्हणत होती. र येत नाही अजून."

वहिनींनी तोंडावर हात धरला. "अय्यो भाऊजी! मोल म्हणजे ससा की आमच्यात! पोरगी कानडी शिकली आणि तुमी मोर केला व्हय? आता मोरालाच दोन लांब कान लावा!"

त्या लई हसल्या. मीही हसलो. पण पार्सल गेलं होतं. फोन करून चूक सांगावी असं वाटलं आणि सांगितली नाही. आवडेलही एखादेवेळी, असं मनात होतं.

खोकं उघडताना त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. नातीनं मोर मानेला धरून वर केला.

"आबा, हा मोर आहे. मोल नाही. मोर."

र स्वच्छ होता. तो तिला कधी यायला लागला, मला माहीत नव्हतं.

बायकोनं पट्टे तिच्या खांद्यावर चढवले. "अगंबाई, माप किती बरोबर बसलं हो!" नात मोर पाठीवर घेऊन खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला दाखवायला गेली.

"मग उद्या शाळेत जाईल ना?" मी विचारलं.

"अहो, जाती की आता. रडत बी न्हाय."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"मला सांगितलं नाहीस."

ती कुरिअरची पिशवी घडी करत राहिली. मग म्हणाली, "साडेबाराला सुटती शाळा. आणायला कोण जाणार? हिला ऑफिसातून यायला सात होत्यात."

मी नातीचं वय धरलं होतं, शाळेचा महिना धरला होता. शाळा किती वाजता सुटते, हे मात्र विचारलं नव्हतं.

"पहिलीत गेली की दिवसभराची शाळा असती," ती म्हणाली. "तवर तुमीच या की अधनंमधनं."

"बघतो," मी म्हणालो. "ससा पांढरा पाहिजे का राखाडी, विचार तिला."

फोन टेबलावर उताणा ठेवून ती दाराकडं गेली. मला छत आणि फिरणारा पंखा दिसत होता. जिन्यातून तिनं नातीला हाक मारली, "बा इल्ली, बा!" म्हणजे इकडे ये. एवढं कानडी सोलापुरात कुणालाही कळतं. पण तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो.