मूठभर पावडर आणि रत्नागिरीचं पाणी

पाथर्डीच्या स्टँडवर एसटी सुटायला दहा मिनिटं होती आणि आई खिडकीखाली उभी राहून मला संसाराचे कायदे शिकवत होती. संसार म्हणजे मी एकटीच. बँकेनं रत्नागिरीला बदली केली होती. "कपड्याला मूठभर पावडर टाक, कंजूषपना करू नको. डाळ सोड्याबिगर शिजत न्हाई. न्हाल्यावर शेवटच्या पान्यात लिंबू पिळ, न्हाईतर केसांचा झाडू व्हतो." कंडक्टरनं डबल बेल दिली तरी बाई गाडीबरोबर चालतेच आहे. "आन् भाजी धुतलेलं पानी फेकू नको!" अख्खी एसटी माझ्याकडं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिल्याच रविवारी मी आईच्या मापानं मूठभर पावडर टाकून कपडे भिजवले. अरे देवा! फेस बादलीतून मोरीत, मोरीतून बाल्कनीत आणि तिथून थेट तळमजल्यावरच्या सुलूकाकूंच्या तुळशीवर. काकू खालून ओरडल्या, "अगो, ढग कसले सोडतेस?" संध्याकाळी सोडा घातलेल्या डाळीचा लगदा झाला. लिंबू पिळून धुतलेल्या केसांवर रबर टिकेना.

मग माझी ट्यूब पेटली. आमच्या पाथर्डीच्या बोअरचं पाणी जड. साबण झिजतो पण फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, बादलीला आतून पांढरा थर धरतो. आईची प्रत्येक युक्ती त्या पाण्यावरचा उतारा होती आणि इथलं पाणी बिचारं हलकं, गरीब स्वभावाचं. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. बाईचं निम्मं आयुष्य पाण्याशी भांडण्यात गेलं होतं.

वडील गेले तेव्हा मी ठरवलं, आईला इकडंच आणायचं. तिकडं ती एकटी दोन वेळा जेवते की नाही, याचा मला घोर लागलेला असायचा. ती आली, पण "आठ दिवसांसाठी हां" असं बजावूनच. आणि आल्या आल्या तिचं विमान जमिनीवर आलं. पापड सादळले, मिठाला पाणी सुटलं, तिच्या हातची डाळही लगदा झाली. घर सोडून बाहेर पडलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो, स्वयंपाकात हार मानणारी आई बघणं फार वाईट! त्यातच सुलूकाकू गोड बोलून शिकवणार, "मिठात चार तांदळाचे दाणे घाला हो." आईच्या टाचांच्या भेगांवर चाळीस वर्षं मेण आणि तेल थापून झालं होतं. काकूंनी कोकमाच्या तेलाचा गोळा वितळवून लावला आणि चार दिवसांत टाचा मऊ पडायला लागल्या. आनंद व्हायचा सोडून आई आणखीच फुगली. "मला हितं काय येतंय? निस्ती पाव्हनी म्हनून बसू का? माझं तिकीट काढ."

दुसऱ्या दिवशी तिकीट काढायचं, तर सकाळीच इमारतीची मोटर जळाली. टाकी कोरडी ठणठणीत. काकूंनी जन्मात पाणी मोजून वापरलेलं नव्हतं. शेजारून मिळालेल्या एका घागरीत दिवस काढायचा म्हटल्यावर त्या रडकुंडीला आल्या. आईनं पदर खोचला. काकूंच्या परसातल्या, पाणी तापवायच्या चुलीतली राख आणून भांडी आधी कोरडी घासायची, मग एकाच पातेल्यात दोनदा विसळायची. तांदळाच्या धुवणात तेलकट ताटं. आंघोळ अर्धी बादली, तीही परातीत बसून, म्हणजे ते पाणी संडासाला. "काकू, एवढं पानी एका ताटाला? आमी एवढ्यात पंगत उठवतो!" बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं तिच्या हुकमात. एवढी खूष मी तिला कित्येक दिवसांत बघितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मोटर दुरुस्त झाली. सगळ्यांचे चेहरे फुलले, आईचा पडला. मी गुपचूप गच्चीवर गेले आणि आमच्या घरापुरता कॉक बंद करून आले. "आई, आपलाच पाइप तुंबलाय. प्लंबर गावाला गेलाय." इतकं खोटं मी बँकेतल्या साहेबांशीही बोललेले नाही. पुढं आठ दिवस काकूंकडून घागरी आणल्या, परातीत बसून आंघोळ केली, चिकट केसांनी बँकेत गेले. तिकिटाचं नाव मात्र निघालं नाही.

नवव्या दिवशी आई गच्चीवर कुरडया घालून खाली आली आणि शांतपणे म्हणाली, "मंगे, त्यो कॉक मी पहिल्याच दिवशी बघितला हुता."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हनलं बघू, आईसाठी पोरगी किती दिस बिनपान्याची ऱ्हाती."

मी हसता हसता रडायला लागले. तिनं माझे डोळे पुसले, वर जाऊन स्वतः कॉक उघडला आणि त्याच हातानं पिशवीतली लुगडी कपाटात लावली.

याला आता दोन वर्षं झाली. कुणी विचारलं, तर मी घर रत्नागिरीलाच म्हणून सांगते. ते आईला पटत नाही. ती मध्येच म्हणते, "घर पाथर्डीलाच हाय आमचं. हितं मी ऱ्हाते, कारन माझ्या लेकीला साधा कॉक उघडता येत न्हाई."